एकोणतीस अंकांचा ताळा

संध्याकाळी रोजमेळ जुळला नाही आणि फरकाची रक्कम नवाने निःशेष भागली जात असेल, तर जाणता मुनीम सारी कीर्द पहिल्या पानापासून पुन्हा तपासत नाही. शेजारचे दोन अंक कुठे तरी उलटे उतरले असावेत, अशी शंका तो आधी घेतो. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले गेले तर फरक ९०० चा पडतो. ७१ चे १७ झाले तर ५४ चा. दोन्ही फरक नवाच्या पाढ्यातले. पिढ्यान् पिढ्या पेढीवर बसलेल्या घरांना ही युक्ती कोणी पुस्तकातून शिकविली नाही. ती वहीबरोबरच वारशाने आली.

मराठीत या तपासणीला ‘ताळा’ असा नेमका शब्द आहे. केलेला हिशेब दुसऱ्या वाटेने पडताळणे, हा त्याचा अर्थ. पेढीवर ताळा पाहिल्याशिवाय कोणी वही मिटत नाही. परंतु त्याच घरात पर्युषणात किंवा चातुर्मासात शास्त्रवाचन चालू असता एखादी अवाढव्य संख्या समोर आली, की वाचणारा ती घाईने ओलांडतो आणि ऐकणारे हात जोडतात. एखाद्या नातवाने ‘हा आकडा बरोबर आहे कशावरून?’ असे विचारलेच, तर ‘शास्त्रात लिहिले आहे’ एवढे उत्तर पुरेसे मानले जाते. वास्तविक हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. घराच्या धंद्याला शोभणाराच आहे. आणि किमान एका संख्येच्या बाबतीत त्याला पुष्कळसे समाधानकारक उत्तर देता येते. ती संख्या अशी:

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

एकूण अंक २९. जैन ग्रंथांत ही संख्या मनुष्यांच्या मोजणीच्या प्रसंगी येते. ती कोठून आली, कशी टिकली आणि आज तिचा ताळा घरबसल्या कसा पाहता येतो, हे जाणून घेण्यासारखे आहे.

दोनाच्या वर्गांची साखळी

संख्येचे मूळ अगदी साधे आहे. दोन ही संख्या घ्यावी आणि तिचा वर्ग करावा. आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करावा. असे करीत जावे. पहिला वर्ग ४, दुसरा १६, तिसरा २५६ आणि चौथा ६५,५३६. पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. जैन गणितात या साखळीला ‘द्विरूप वर्गधारा’ म्हणतात. तिच्यातील मोठ्या संख्यांना आचार्यांनी सुटसुटीत नावेही दिली. चौथा वर्ग ‘पण्णट्ठी’, कारण त्याचा आरंभ पासष्टने होतो. पाचवा ‘बादाल’, कारण त्याचा आरंभ बेचाळीसने होतो. सहावा ‘एकट्ठी’, कारण त्याच्या आरंभी एक आणि आठ येतात. लांबलचक आकड्याला त्याच्या पहिल्या अंकांवरून हाक मारण्याची ही रीत व्यवहारी माणसाला लगेच आपलीशी वाटावी.

बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे करीत चौसष्ट घरे भरली, तर एकूण दाणे बरोबर एकट्ठीहून एकाने कमी होतात. म्हणजे ज्या संख्येने त्या गोष्टीतला राजा हतबल झाला, ती या साखळीतली केवळ सहावी पायरी होय.

अनुयोगद्वार सूत्र हा श्वेतांबर परंपरेतील आगमग्रंथ. परंपरेने तो आर्यरक्षितांच्या नावाशी जोडलेला आहे. गर्भज मनुष्यांची किमान संख्या सांगताना हे सूत्र एकच संख्या अनेक प्रकारांनी ओळखून देते. तिच्यात एकोणतीस स्थाने आहेत, असे ते म्हणते. सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले असता ती येते, असेही म्हणते. आणि जिला शहाण्णव वेळा छेद देता येतो, म्हणजे जी शहाण्णव वेळा निम्मी करता येते, ती ही राशी, असेही म्हणते.

तीन वर्णने एकाच संख्येची असतील, तर ती परस्परांशी जुळली पाहिजेत. येथूनच ताळ्याला आरंभ होतो.

निमकीचा हिशेब

सहावा वर्ग एकावर किती वेळा दुपटी केल्याने येतो? चौसष्ट वेळा. पाचवा वर्ग? बत्तीस वेळा. दोघांचा गुणाकार केला की दुपटींची बेरीज होते: ६४ अधिक ३२, म्हणजे ९६. म्हणून गुणाकारातून आलेली संख्या शहाण्णव वेळा निम्मी करता येते आणि शेवटी एक उरतो. दुसरे वर्णन तिसऱ्याशी जुळले.

आता स्थाने पाहावीत. एका रुपयाची दहा वेळा दुप्पट केली की १,०२४ रुपये होतात, म्हणजे ढोबळ मानाने हजार. प्रत्येक दहा दुपटींमागे तीन स्थाने वाढतात. नव्वद दुपटींत नऊ वेळा हजार, म्हणजे सत्तावीस शून्ये. उरलेल्या सहा दुपटींचे ६४. चौसष्टावर सत्तावीस शून्ये मांडली की एकोणतीस स्थाने होतात. प्रत्येक हजारामागे सोडून दिलेले २४ हिशेबात धरले, तर आरंभीचे चौसष्ट वाढत वाढत एकोणऐंशीपर्यंत पोहोचतात. स्थाने तेवढीच राहतात. कागदाच्या एका कोपऱ्यावर करता येईल असा हा अंदाज पहिल्या वर्णनाचीही खात्री पटवितो.

एखादी संख्या किती वेळा निम्मी होते, या मापाला जैन गणितात ‘अर्धच्छेद’ असे नाव आहे. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेत वीरसेनाचार्यांनी या अर्धच्छेदांचे नियम मांडले: गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्ही संख्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, भागाकाराचे, म्हणजे वजाबाकी. हा काळ आठव्या आणि नवव्या शतकांच्या संधीचा. गुणाकाराचे काम बेरजेवर आणणारी लॉगरिथमची कोष्टके युरोपात नेपियरने १६१४ साली प्रसिद्ध केली. वीरसेनांनी कोष्टके केली नव्हती आणि त्यांचा उद्देशही निराळा होता. म्हणून दोघांना एकाच मापाने तोलण्याचे कारण नाही. परंतु मोठा गुणाकार लहान बेरजेने हाताळता येतो, ही मर्मदृष्टी दोन्हीकडे आहे. पावकी, निमकी, सवायकी पाठ करून वाढलेल्या पिढीला ती समजायला कठीण जाऊ नये.

धवलेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे बंदिस्त होत्या. त्या छापून सर्वांना उपलब्ध करण्याचे काम आपल्या अमरावतीहून सुरू झाले. डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९३९ साली निघाला. अर्धच्छेदांचे नियम आज कोणालाही वाचता येतात, त्यामागे हे परिश्रम आहेत.

अक्षरांत ठेवलेली रक्कम

सूत्राने संख्येचे वर्णन केले. प्रत्यक्ष अंक मात्र एका निराळ्या ग्रंथाने गाथेत बांधून ठेवले. तो ग्रंथ म्हणजे नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींचा ‘गोम्मटसार’. नेमिचंद्र हे दिगंबर परंपरेचे आचार्य. श्रवणबेळगोळची भव्य बाहुबलीमूर्ती उभी करविणारा गंगराज्याचा मंत्री चामुंडराय त्यांचा समकालीन. त्या मूर्तीच्या पायाशी चामुंडरायाच्या नावाचा जो प्राचीन मराठी लेख आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव परिचित असते.

गोम्मटसाराच्या जीवकांडात एक प्राकृत गाथा आहे. वरवर पाहता तिच्यातील शब्दांची संगती लागत नाही. ती वाचायची ती कटपयादी पद्धतीने. या पद्धतीत प्रत्येक व्यंजन एका अंकासाठी उभे असते. क पासून झ पर्यंत एक ते नऊ. ट पासून ध पर्यंत पुन्हा एक ते नऊ. प पासून म पर्यंत एक ते पाच. य पासून ह पर्यंत एक ते आठ. ञ आणि न म्हणजे शून्य. व्यंजनाला जोडलेल्या काना, मात्रा, वेलांटी यांना मोल नाही. कापडाच्या दुकानात साडीच्या चिठ्ठीवर खरेदीभाव अक्षरांच्या खुणेने लिहिण्याची रीत अनेक घरांना ठाऊक आहे. त्यात आणि यात तत्त्वाचा भेद नाही. फरक हेतूचा आहे: दुकानातील खूण गिऱ्हाइकापासून भाव लपविण्यासाठी असते, तर गाथेतील खूण संख्या विसरली जाऊ नये म्हणून.

गाथेचे पहिले अक्षर त. त म्हणजे सहा. तो संख्येचा एकम स्थानचा अंक. तेथून अक्षरे उजवीकडून डावीकडच्या स्थानांकडे सरकत जातात. एकोणतिसावे अक्षर स, म्हणजे सात. तो संख्येचा आरंभीचा अंक. त्या टोकाकडून मागे येत गेले तर स, झ, ख, र, ह, म्हणजे सात, नऊ, दोन, दोन, आठ. वर लिहिलेल्या संख्येचा आरंभ असाच आहे. उरलेली चोवीस अक्षरेही त्याच क्रमाने जुळतात. ज्यांच्या घरी गोम्मटसार आहे, त्यांनी जीवकांडातील गतिमार्गणेचा भाग उघडून एकेक अक्षर मोजून पाहावे. या कामाला अर्धा तास पुरतो.

एका परंपरेच्या सूत्राने गुणाकाराची कृती सांगितली. दुसऱ्या परंपरेच्या गाथेने उत्तर सांगितले. कृती करून पाहिली की तेच उत्तर येते. दोन भावांच्या दोन वह्यांत एकाच व्यवहाराची नोंद स्वतंत्रपणे सापडावी आणि ती पैशापर्यंत जुळावी, तसा हा प्रकार आहे. पंथभेदाच्या चर्चा पुष्कळ होतात. या एका रकमेबाबत दोन्ही घरांच्या वह्या सारखेच बोलतात, हे सांगणारे थोडे असतात.

नवाचा आणि अकराचा ताळा

आता शंका अशी की, हजार वर्षांत किती लेखनिकांनी ही गाथा उतरविली असेल! एखादे अक्षर चुकले नसेल कशावरून? त्यासाठी पेढीवरच्या युक्त्या पुरेशा आहेत.

पहिली तपासणी शेवटच्या अंकाची. दोनाच्या दुपटी २, ४, ८, ६ अशा चार अंकांच्या फेऱ्यात संपतात. शहाण्णवाला चाराने निःशेष भाग जातो; म्हणून शेवटचा अंक सहाच हवा. तो आहे.

दुसरी तपासणी नवाच्या ताळ्याची. सहा दुपटींनी ६४ होतात. ६ आणि ४ मिळून १०, म्हणजे १. म्हणून नवाच्या ताळ्यात दर सहा दुपटींनंतर पुन्हा एक येतो. शहाण्णव म्हणजे सहांचे सोळा फेरे. तेव्हा या संख्येचा ताळा एक यायला हवा. संख्येतील सर्व एकोणतीस अंकांची बेरीज १२७ होते; १, २ आणि ७ मिळून १०; पुन्हा १. ताळा मिळाला.

परंतु नवाच्या ताळ्याची एक उणीव प्रत्येक मुनिमाला माहीत असते. अंकांची अदलाबदल त्याला दिसत नाही. संख्येच्या शेवटाकडे ‘५०३३६’ असे अंक आहेत. लेखनिकाने चुकून ‘०५३३६’ लिहिले असते, तरी बेरीज १२७ च राहिली असती. अशा वेळी अकराचा ताळा उपयोगी पडतो. उजवीकडून मोजत पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांचे अंक मिळवावेत. बेरीज ७९ होते. सम स्थानांचे मिळवावेत, ४८ होते. दोहोंतील फरक ३१, आणि त्याला अकराने भागले की बाकी ९ उरते. आता ती किती उरायला हवी? दहा दुपटींचे १,०२४ होतात आणि त्यांना अकराने भागले तर बाकी एक. म्हणून नव्वद दुपटींनंतरही बाकी एकच. उरलेल्या सहा दुपटींचे ६४, आणि त्यांची अकराने बाकी ९. ताळा मिळाला. वरची अदलाबदल झाली असती तर विषम स्थानांची बेरीज ७४ आणि सम स्थानांची ५३ झाली असती. फरक २१, बाकी १०. चूक तत्काळ उघडी पडली असती.

न लपणारी चूक

हे ताळे कोणत्याही संख्येला लावता येतात. या संख्येची खरी खुबी मात्र तिसऱ्या तपासणीत आहे, आणि ती सूत्रानेच सांगून ठेवलेली आहे: निम्मे करीत जा.

समजा, गाथेतील चौथे अक्षर न आहे, त्या ठिकाणी एखाद्या उतरवून घेणाराने त वाचला. न म्हणजे शून्य, त म्हणजे सहा. संख्येचा शेवट ‘५०३३६’ ऐवजी ‘५६३३६’ असा झाला. बाकीचे अठ्ठावीस अंक अचूक आहेत. आता निम्मे करायला बसावे. पहिल्यांदा निम्मी होईल, दुसऱ्यांदा होईल, तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदाही होईल. पाचव्यांदा संख्या विषम निघेल आणि काम अडेल. शहाण्णव पायऱ्यांचा जिना, आणि चुकीच्या संख्येला पाचवी पायरीदेखील चढता येत नाही.

चूक दुसऱ्या कोणत्याही एका स्थानी असली तरी हेच होते. कारण समजायला सोपे आहे. एका स्थानचा अंक चुकला की संख्येत दहाच्या काही पटीचा फरक पडतो. एका दहात दोनाचा घटक एकदाच असतो. सर्वांत डावीकडच्या स्थानी अठ्ठावीस दहांचा गुणाकार. म्हणून अठ्ठावीस दोन. चुकलेल्या अंकातून फार तर आणखी तीन, कारण आठ म्हणजे तीन दुपटी. एकूण एकतीस. म्हणजे एका अंकाची चूक कुठेही असो, बत्तिसाव्या निमकीपर्यंत ती पकडली जातेच. खरी संख्या मात्र शहाण्णव पायऱ्या बिनचूक उतरते आणि शेवटी एकावर येऊन थांबते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. शहाण्णव वेळा निम्मी होणारी दुसरी एखादी एकोणतीस अंकी संख्या असू शकेल काय? अशी संख्या या संख्येच्या पटीतच असायला हवी: दुप्पट, तिप्पट वगैरे. पण तिची दुप्पट केली की आकडा एकोणऐंशीवरून एकशे अठ्ठावन्नवर जातो आणि स्थाने तीस होतात. म्हणजे एकोणतीस स्थाने असलेली आणि शहाण्णव छेद देणारी संख्या जगात एकच आहे. सूत्रकारांनी दिलेली ही दोन वर्णने एकत्र ठेवली की दुसऱ्या कोणत्याही आकड्याला जागाच उरत नाही. सर्व पोथ्यांतून अंक पुसले गेले असते, तरी या दोन शब्दांवरून संख्या पुन्हा उभी करता आली असती. रक्कम जपण्याचा याहून भक्कम बंदोबस्त सुचणे कठीण.

संख्येचा आणखी एक गुण हिशेबी माणसाला आवडण्यासारखा आहे. तिला स्वतःला सोडून जितक्या संख्यांनी निःशेष भाग जातो, त्या सर्वांची, म्हणजे १, २, ४, ८ पासून तिच्या निम्म्यापर्यंतच्या शहाण्णव भाजकांची बेरीज केली, तर ती मूळ संख्येहून बरोबर एकाने कमी भरते. दुपटींच्या साऱ्या कुळाचे हे लक्षण आहे. एकोणतीस अंकी रकमेच्या ताळेबंदात तूट, ती अवघ्या एका रुपयाची.

एक न जुळणारी नोंद

येथपर्यंत सर्व जुळले. प्रामाणिक तपासनिसाला मात्र न जुळणारी बाबही सांगावी लागते.

षट्खंडागमाच्या ‘द्रव्यप्रमाणानुगम’ या विभागात पर्याप्त मनुष्यांतील मिथ्यादृष्टींची संख्या नेमक्या आकड्यात न देता मर्यादांनी सांगितली आहे. एक जोडी वर्गांची: सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्याच्या खाली. दुसरी जोडी कोटींची: कोटी-कोटी-कोटीच्या वर आणि कोटी-कोटी-कोटी-कोटीच्या खाली.

पहिल्या जोडीत आपली संख्या सहज बसते. किंबहुना फार सुंदर बसते. सहाव्या वर्गाचे अर्धच्छेद चौसष्ट, सातव्याचे एकशे अठ्ठावीस. शहाण्णव ही त्या दोहोंच्या बरोबर मध्यावरची संख्या. सहाव्या वर्गाला बादालने गुणले की आपली संख्या येते, आणि आपल्या संख्येला पुन्हा बादालने गुणले की सातवा वर्ग येतो.

दुसऱ्या जोडीत मात्र ती बसत नाही. चार कोटींचा परस्पर गुणाकार म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये, आणि हीच एकोणतीस अंकांची सर्वांत लहान संख्या. जी राशी तिच्या खाली आहे, तिला अठ्ठावीसहून अधिक स्थाने असू शकत नाहीत. आपली संख्या त्या मर्यादेच्या जवळजवळ आठपट आहे. मिथ्यादृष्टींखेरीज उरलेल्या मनुष्यांची संख्या कोटींच्याच घरात सांगितलेली आहे. ती वजा केल्याने हा फरक भरून निघत नाही.

मग काय करावे? पेढीचा नियम येथेही लागू पडतो. न जुळणारी नोंद खोडायची नसते. खाडाखोड केलेली वही कोणत्याही न्यायालयात टिकत नाही. फरक दाखविणारी वही टिकते. पूर्वसूरींनी एक ग्रंथ दुसऱ्याच्या सोयीसाठी दुरुस्त केला नाही, आणि छापणाऱ्या विद्वानांनीही दोन्ही पाठ जसेच्या तसे पुढे ठेवले. म्हणून तर हा फरक आज दिसतो. ज्या परंपरेने गैरसोयीची नोंदही जपली, तिने सोयीची नोंद घडविली नसावी, एवढा विश्वास त्यावरून बसतो.

ताळ्याची मर्यादा

अंकगणित कशाची हमी देते आणि कशाची देत नाही, हेही नातवाला सांगितले पाहिजे. मुनीम वहीतील बेरीज तपासतो. गोदामातील माल त्याने मोजलेला नसतो. वरच्या सर्व ताळ्यांनी एवढेच सिद्ध होते, की सूत्रकारांनी जी संख्या सांगितली ती एका अंकाचाही फरक न पडता आपल्यापर्यंत पोहोचली. मनुष्यक्षेत्रात तेवढे मनुष्य आहेत की नाहीत, हा आगमप्रमाणाचा विषय आहे. गुणाकाराने तो सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे पृथ्वीवरील लोकसंख्येने २०२२ च्या नोव्हेंबरात आठशे कोटींचा टप्पा गाठला. ती संख्या तेहेतीस वेळाही निम्मी होत नाही; कारण एकाच्या तेहेतीस दुपटी केल्या तर ८५८ कोटींहून अधिक होतात. शास्त्रातील गणना अढीच द्वीपांची आहे. तिची तुलना जनगणनेशी करून कोणी हिणवू नये आणि कोणी ओढाताणीने जुळवूही नये. दोन वेगळ्या खात्यांच्या रकमा एकाच रकान्यात मांडत नाहीत, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

येत्या सुटीत घरातील मुलांना एक मोठा कागद द्यावा. त्यावर ही संख्या लिहून ती निम्मी करायला सांगावे. कॅल्क्युलेटर नको, निमकी पुरे. मधे एखादा हातचा चुकला, तर बहुधा काही पायऱ्यांतच विषम संख्या समोर येऊन उभी राहील आणि चूक शोधायला मागे जावे लागेल. चौसष्टाव्या पायरीनंतर उरलेली संख्या बादाल असेल, ऐंशीव्या पायरीनंतर पण्णट्ठी. त्या दोन ठिकाणी आजोबांनी वही पाहून डोके हलवावे. शहाण्णवाव्या पायरीवर एक उरला, की मुलाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच अक्षरात मिळालेले असेल.